बशीचं पाणी

अप्पा, सोमवारी दुपारपर्यंत मला एक पुस्तिका लिहून द्यायची आहे आणि तिच्यातलं एकच वाक्य अडलं आहे. बाकीची वीस पानं झाली. फोटोंखालच्या ओळी झाल्या. मुखपृष्ठावर काळ्या नळीतून सुटणारा एक थेंब आहे, तोही ठरला. अडलेलं वाक्य तीन शब्दांचं आहे: पाण्याची बचत झाली. पुस्तिका कानडीत आहे, पण अडायला मला अजून घरचीच भाषा लागते. तीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर काढलेली बाई तीन शब्दांसाठी चार दिवस अडत नाही, हे मला कळतं. पण ते वाक्य लिहायला घेतलं की तुम्ही स्वयंपाकघरातून काहीतरी विचारता, आणि तुम्हांला जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

काम असं आहे. तलकाडच्या रस्त्याला कालव्याच्या एका फाट्यावर एका संस्थेनं गेली काही वर्षं दोन गोष्टी केल्या. फाट्याला सिमेंटचं अस्तर लावलं, आणि फाट्यावरच्या शेतांना ठिबक बसवून दिलं. आता योजना संपली आणि तिचं यश सांगणारी पुस्तिका निघणार. ती एका प्रस्तावाला जोडून पुढे जायची आहे. प्रस्ताव सरळ आहे. फाट्याला आता कमी पाणी लागतं, तेव्हा वाचलेलं पाणी फाट्यात सोडूच नये, ते वर नदीतूनच उचलावं आणि मैसूर शहराच्या पश्चिमेकडच्या वसाहतींना नळानं द्यावं. हे मला समजावणारा समन्वयक तरुण आहे, नम्र आहे, सांगितल्या वेळेला फोन करतो आणि माझ्या कानडीचं कौतुक करतो. इतक्या चांगल्या माणसाचा मला लगेच संशय येतो, हा तुमच्याकडून आलेला गुण. मी विचारलं, वाचलं हे मोजलं कसं? तो म्हणाला, एकराला आधी किती पाणी द्यावं लागायचं आणि आता किती लागतं, त्यातला फरक. आकडा टक्क्यांत आहे आणि मोठा आहे. मी तो वहीत लिहून घेतला आणि पुढे, तुम्ही काढायचात तसं, पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

आता मी मैसूरच्या विजयनगरला राहते. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, उन्हाळ्यात दोन दिवसांआड. स्वयंपाकघरात आईचा तो मोठा पिंप अजून आहे आणि त्याच्या मागच्या भिंतीवर तुम्ही दिलेली गेजपट्टी. कालव्यातलं पाणी मोजायची, पांढऱ्या मुलाम्याची, काळ्या आकड्यांची, वरून तुटलेली लोखंडी पट्टी. मला वर्तमानपत्रात नोकरी लागली त्या आठवड्यात तुम्ही ती वर्तमानपत्रातच गुंडाळून आणली होती. मोडीत निघाली म्हणून आणली, असं आईला सांगितलंत. मला म्हणालात की साहेब किती म्हणाला ते लिहायचं नाही, पट्टी किती म्हणते ते लिहायचं. मुलगी नोकरीला लागली तर लोक साडी देतात, असं आई म्हणाली. पट्टीमागे सध्या आमच्या लेआउटच्या असोसिएशनचा एक फॉर्म खोचलेला आहे. नव्या नळजोडणीला संमती हवी आहे. रोज पाणी येईल असं वर लिहिलंय. सेक्रेटरी दोनदा विचारून गेले. मी म्हटलं, वाचून देते.

वाचणं हेच तुमचं काम होतं. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून कालव्याच्या काठानं जायचं, फाट्याच्या तोंडाशी पट्टीवर पाणी कुठपर्यंत आलंय ते वाचायचं, फाट्याच्या शेपटाशी जाऊन तिथलं वाचायचं, आणि दोन्ही रजिस्टरात मांडायचं. वर आलेलं आणि खाली पोचलेलं यांतला फरक कधी जुळायचा नाही. त्या फरकासाठी रजिस्टरात एक रकाना होता, त्याच्या डोक्यावर ‘गळती’ असं छापलेलं होतं. आयुष्यभर तुम्ही तो रकाना भरलात. घरी मात्र तुम्ही गळती हा शब्द कधी वापरला नाहीत. घरी तुम्ही म्हणायचात, बसीचं पाणी.

आपल्या घरातली भाषा अशीच होती, कानडी शब्दाला मराठी शेपूट. कानडीत बसी म्हणजे निथळणं, झिरपणं. शेताशेतांतून, कालव्याच्या कडेतून निथळून खालच्या चरात उतरतं ते बसी-नीरु, निथळीचं पाणी. पण मला, सात वर्षांच्या मुलीला, बशी एकच माहीत होती. तुम्ही कपातला चहा बशीत ओतून प्यायचात ती. त्यामुळे माझी समजूत अशी की सरकारनं कालव्याखाली एक भलीमोठी बशी ठेवलेली आहे, वरून सांडतं ते तिच्यात साठतं, आणि माझे वडील त्या बशीवर देखरेख करतात. शाळेत ‘माझे वडील’ या निबंधात मी हे कानडीत लिहून दिलं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. सगळा वर्ग हसला आणि मी घरी येऊन दप्तर फेकलं.

ते दृश्य मला अजून दिसतं. आपण कालव्याजवळच्या क्वार्टरमध्ये राहतोय. आई चुलीपाशी बसून पालेभाजी आणि तुरीची डाळ शिजवते आहे, ताट झाकून वरचं पाणी दुसऱ्या पातेल्यात गाळते आहे, त्या पाण्याचं ती बस्सारू, म्हणजे भातावरचं सार, करणार. तुम्ही दारात बूट काढताय. माझं ऐकून तुम्ही हसला नाहीत आणि चूक दुरुस्तही केली नाहीत. आईच म्हणाली, “काय शिकवताय पोरीला सुम्ने, उगीच.” तुम्ही त्या पातेल्याकडे बोट दाखवून विचारलंत की डाळीचं हे पाणी ती फेकून का देत नाही. आई म्हणाली, फेकून दिलं तर भाताबरोबर काय, तुमचं रजिस्टर वाढू?

रविवारी तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून नेलंत. वर कालवा, भरलेला आणि चकचकीत, त्याच्याकडे मी पाहतही नाही, कारण मला बशी बघायची आहे. तुम्ही मला बांधावरून खाली उतरवता. खाली एक चर आहे, कमरेएवढा खोल. त्याच्या भिंती ओल्या आहेत आणि त्यांतून थेंब थेंब निघून खाली एक धार झाली आहे. खेकड्यांची बिळं आहेत. दोन बायका कपडे धुताहेत. पलीकडे हदग्याच्या उंच झाडांवर विड्याच्या पानांचे वेल चढलेले, आत इतका गारवा की मला शहारा येतो. तिथल्या म्हाताऱ्यानं मला एक पान दिलं, चुना न लावता. ते तिखट लागलं. “बघ,” तुम्ही म्हणालात, “हीच बशी. वरचा माणूस कपातनं पितो, खालचा बशीतनं पितो. चहा एकच.”

यानंतरची आठवण तितकी गोड नाही. मला नोकरीला लागून चार-पाच वर्षं झालेली, तुम्ही निवृत्त. दुसऱ्या एका फाट्याला सिमेंट लावल्याच्या समारंभाची बातमी मी लिहिली होती. चांगली लिहिली होती. गळती थांबली, पाणी वाचलं, असा मथळा मीच दिला होता. तुमची वर्तमानपत्र वाचायची पद्धत उलटी होती. कुठलीही बातमी तुम्ही शेवटच्या परिच्छेदापासून सुरू करून वर यायचात, कारण तुमच्या मते लपवायचं ते माणूस खाली लपवतो. त्या दिवशी तुम्ही तळापासून वरपर्यंत गेलात, परत खाली आलात आणि चष्मा काढलात.

“वाचलेलं पाणी कुठं गेलं, ते लिहिलं नाहीस की गं.”

मी म्हटलं, बातमी सहाला द्यायची होती. तुम्ही म्हणालात, सहाला द्यायची म्हणून खालच्या चराकडे बघायचंच नाही का, आणि मला राग आला. मी म्हटलं, तुम्हीही आयुष्यभर त्या रकान्यात गळतीच लिहिलीत ना? आई भांडी घासत होती, ती थांबली. तुम्ही चष्म्याच्या काड्या मिटल्यात. मग म्हणालात, रकाना छापील होता. एवढंच. त्यानंतर बशीत ओतलेला चहा तुम्ही प्यायलाच नाहीत, आणि तो गार झाल्यावर आईनं मोरीत ओतला. माझ्याकडे बघून ओतला असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, उगीच वाटलं असेल.

इथवर लिहून पत्र काही दिवस बाजूला पडलं होतं. तर आताचं सांगते. समन्वयकानं मला गाडीनं फाट्यावर नेलं आणि वरच्या गावातला एक शेतकरी दाखवला. दाखवण्यासाठी ठेवलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून मी आधी त्याच्या चपला पाहिल्या, मग मोटार, मग शेत. माणूस खरा होता. पूर्वी त्याची खालची दोन एकर भिजायची, वरच्या माळावर पावसावर रागी व्हायची. ठिबक आल्यावर खालच्या दोन एकरांना निम्मंही पाणी लागेना. मग त्यानं नळ्या वर माळापर्यंत नेल्या. आता माळावर रागीच्या जागी केळी आहे आणि खाली ऊस. पूर्वी पाणी द्यायला आणि तण काढायला पाच-सहा बायका लागायच्या, आता एक माणूस कळ फिरवतो. जमिनीला भाव आला. मुलीचं इंजिनिअरिंग झालं. हे सगळं त्यानं न फुगवता सांगितलं आणि त्याच्याविरुद्ध मला एकही गोष्ट सापडली नाही, याचा मला थोडा त्रासच झाला.

मी विचारलं, मग कालव्यातून आधी घ्यायचात त्यापेक्षा आता किती कमी घेता? तो समन्वयकाकडे न बघता हसला.

“कमी कशाला घेऊ अम्मा? पाळी माझी, पाणी माझं. वाचलं कुठं? पुरलं.”

समन्वयक लगेच म्हणाला की म्हणजे एकरी वापर कमी झाला, असं यांना म्हणायचंय. दोघंही खरंच बोलत होते. एका एकराला पाणी कमी लागत होतं आणि एकर वाढले होते. शिवाय पूर्वी भरपूर सोडलेल्या पाण्यातलं पिकाला न लागलेलं झिरपून खाली जायचं. आता नळीतला प्रत्येक थेंब केळीच्या मुळाशी पडतो आणि केळीच्याच पानांतून हवेत जातो. कप तितकाच, पण आता काही सांडत नाही. आणि ते पिऊन संपलेलं पाणी कागदावर वाचलेलं म्हणून वेगळं काढून आणखी कुणाला तरी द्यायचं ठरतंय. मी समन्वयकाला म्हटलं, फाट्याच्या खालच्या अंगाला जाऊ. तो म्हणाला, तिथे आपलं काहीच काम झालेलं नाही मॅडम, बघण्यासारखं काही नाही.

बघण्यासारखं काही नाही असं ऐकलं की मी दुसऱ्या दिवशी बसनं जाते. गेले. तुम्ही मला नेलं होतंत तोच तो चर, असं मी म्हणणार नाही. पन्नास वर्षांनी सगळे चर सारखेच दिसतात, आणि तसं म्हटलं की गोष्ट छान होते, म्हणूनच म्हणणार नाही. चर कोरडा होता. तळाला भेगा होत्या आणि खेकड्यांच्या बिळांत प्लास्टिक अडकलं होतं. पलीकडे पानमळा होता, त्यातले अर्धे हदगे उघडे. वेल नसलेला हदगा फार उंच आणि रिकामा दिसतो. एक बाई कळशीनं पाणी आणून वेलांच्या बुडाशी ओतत होती. माझ्याच वयाची असेल. मी वर्तमानपत्रात होते असं सांगितल्यावर तिनं विचारलं की आता कुठं आहे. मी म्हटलं, घरी. “म्हणजे रिकामी,” ती म्हणाली आणि मला दुसरी कळशी दिली.

कळश्या ओततच तिनं सांगितलं. सासऱ्यांच्या काळापासून मळा या चराच्या पाण्यावर. कालव्याचं पाणी तिला कधीच मंजूर नव्हतं, ती फाट्याच्या लाभक्षेत्रातच नाही. वरून निथळायचं तेच पाणी, आणि ते कधी आटलं नव्हतं. वर सिमेंट झालं तेव्हा धार बारीक झाली. ठिबक आलं तेव्हा गेली. विहिरीत मोटार सोडली तर तासाभरात गाळ येतो. पानाच्या वेलाला एक आठवडा तहान काढता येत नाही. तो वाळला की नवा लावून पानं खुडायला दोन वर्षं जातात. आधी ती आणि तिच्या दोन जावा रोज पानांच्या कवळ्या बांधून मैसूरच्या बाजाराला पाठवायच्या. जावा आता एका कपड्याच्या कारखान्यात जातात. ती एकटी उरली आहे, कारण कुणीतरी कळशी धरायला हवी.

मला तिचाही संशय आला, अप्पा. पाऊस कमी झाला असेल, शेजाऱ्यांनी बोअर मारले असतील, वेलाला रोग पडला असेल. मी तसं विचारलं. ती रागावली नाही. ती मला झोपडीत घेऊन गेली आणि किराणा दुकानाचं एक कॅलेंडर दाखवलं. त्यावर काही तारखांवर पांढरे ठिपके होते, चुन्याचं बोट टेकवल्यासारखे, आणि होतेही चुन्याच्या बोटाचेच. ते चराला पाणी येण्याचे दिवस. का येतं तेव्हा? करंट गेला की येतं, ती म्हणाली. वरच्या मोटारी बंद पडल्या की पाळी वाया जायला नको म्हणून ते लोक कालव्याचं तोंड उघडून जुन्या रीतीनं पाटानं पाणी सोडतात, रान भिजून उरलेलं खाली झिरपतं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे धार लागते.

“सगळं गाव करंट यावा म्हणून देवीला दिवा लावतं,” ती म्हणाली. “मी जावा म्हणून लावते. देवीपण गोंधळली असेल.”

मी कॅलेंडरचा फोटो काढला. निघताना तिनं माझ्यासाठी पानं खुडली, मोजून नव्हे, ओंजळभर. मग एकदम विचारलं, पुस्तकात माझ्या पाण्याला काय म्हणून लिहिणार, अक्का? तिला उत्तर आधीच माहीत होतं. कुठल्यातरी साहेबानं कधीतरी सांगितलं असणार.

“गळती म्हणा हवं तर,” ती म्हणाली. “पण गळून कुठं पडत होती, तेपण लिहा.”

वाटेतल्या दोन तासांत मी काय ठरवलं ते इथे लिहीत नाही. घरी आल्यावर केलं ते सांगते. वर्तमानपत्रात रोज एक चौकट असते, उद्या कुठे वीज नसेल तिची. आमच्या टेबलावरचं सगळ्यांत कंटाळवाणं काम, ते मी कितीतरी वर्षं केलंय. गावांची नावं तपासायची आणि वेळा सरळ करायच्या. दुसऱ्या दिवशी मी जुन्या अंकांत त्या भागाच्या चौकटी शोधल्या आणि तिच्या ठिपक्यांशी लावून पाहिल्या. जुळल्या. वीज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी ठिपका. दोन ठिपके जुळले नाहीत, आणि खरं सांगते, त्या दोन ठिपक्यांमुळे मला बाकीचे जास्त खरे वाटले. खोटं रचणारा माणूस सगळेच जुळवतो.

मग मी समन्वयकाला फोन केला. तुमच्यासारखी पायरी पायरीनं बोलले. म्हटलं, वरचं पाणी वाचलेलं नाही, ते वरच वापरलं जातंय, आणि खाली जायचं ते थांबलंय. आता वाचलं असं लिहून तेवढं नदीतूनच उचललंत, तर फाट्याला येणारंच कमी होईल. मग वीज गेलेल्या दिवशीही त्या बाईच्या चरात काही येणार नाही. तो शांतपणे ऐकत होता. नंतर म्हणाला, “मॅडम, त्या लाभार्थींत नाहीत. मग नुकसानीत कशा येतील?” यात त्याचा दुष्टपणा काही नव्हता. त्याच्याकडेही एक छापील रकाना आहे आणि त्या बाईचं नाव त्या कागदावर कुठेच बसत नाही. शेवटी तो म्हणाला की मी इतकं म्हणतेय तर एक परिच्छेद घालावा. जागा उरली तर ठेवू.

जागा उरली तर ठेवू. अप्पा, हे वाक्य मी तीस वर्षं तरुण वार्ताहरांना ऐकवलं आहे. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

आज सकाळी मी ते अडलेलं वाक्य सोडवलं. पाण्याची बचत झाली, हे मी लिहिलं नाही. मी लिहिलं: शेतांना एकरी कमी पाणी लागू लागले. यात एक अक्षर खोटं नाही. समन्वयकानं ते वाचून लगेच पसंत केलं आणि मला कळलं की ते वाक्य तेच काम करणार आहे, फक्त माझे हात स्वच्छ ठेवून. वाचणारा साहेब ‘कमी लागू लागले’ वाचेल आणि मनात ‘वाचले’ म्हणेल. बाईचा परिच्छेदही मी लिहिला. चांगला झालाय. चुन्याचे ठिपके आहेत, विजेच्या चौकटी आहेत, न जुळलेले दोन दिवस आहेत, आणि तिनं सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं आहे. तुम्ही वाचला असतात तर चष्मा काढला नसतात.

हे पत्र मी कुणाला देणार नाही. तुमचा पत्ता नाही हे एक कारण, आणि तुम्ही ते खालून वर वाचाल हे दुसरं. म्हणून तुमच्या सोयीसाठी जे सांगायचं ते तळाशी ठेवते.

तुम्ही विचारलं होतंत, वाचलेलं पाणी कुठं गेलं. पश्चिमेकडच्या वसाहतींत विजयनगर येतं. ते पाणी आपल्या घरी येतंय, अप्पा, आईच्या पिंपात. गेजपट्टीमागचा फॉर्म आता तिथे नाही. पानमळ्यातून परत आले त्याच संध्याकाळी, ओंजळभर पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि सेक्रेटरींच्या घरी जाऊन सही करून दिला. उन्हाळा जवळ आलाय, माझे गुडघे दुखतात आणि बादल्या उचलवत नाहीत. ही कारणं खरी आहेत. आणि जे कापलं जाऊ नये ते पहिल्या पानावर ठेवायचं असतं, हे मला कुणाहीपेक्षा जास्त चांगलं माहीत असताना, बाईचा परिच्छेद मी शेवटचा ठेवला आहे.